भुसा ते फिल्म: प्रकल्प नोंदी, रत्नागिरी, एप्रिल ते डिसेंबर २०२५

२१ एप्रिल

लांज्याच्या रस्त्यावरच्या सॉ मिलमधून भुसा आणला. मालक म्हणाले, "सर, भुसा पाहिजे तेवढा न्या, फक्त पोती परत आणा." ऐन, किंजळ, आकेशिया, आंबा, फणस असं सगळं एकाच करवतीखाली जातं, म्हणून ढिगातला भुसा घेतला नाही. आंब्याचा ओंडका चढेपर्यंत थांबलो आणि करवतीखाली गोणपाट पसरून तेवढाच झेलला. फणसाचाही थोडा घेतलाय, वेगळ्या पिशवीत.

कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर करत असलेल्या या प्रकल्पाचा हेतू कागदावर सोपा आहे. लाकडातला सेल्युलोज वेगळा काढायचा, त्याची पातळ फिल्म करायची आणि ती हवेतले कण अडवायला वापरता येते का ते पाहायचं. मिलमधली माणसं तोंडाला रुमाल बांधून काम करतात. रंधा आणि पॉलिश पेपर चालतो तिथे तर तोही नसतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात टाकून जाहीर केलंय. मुख्य धोका नाकाच्या पोकळीला आणि सायनसला. ही गोष्ट मिलमध्ये सांगितली तेव्हा एकाने विचारलं, "मग सागाची की आंब्याची?" बहुतेक पुरावा कठीण लाकडाच्या, म्हणजे रुंदपर्णी झाडांच्या धुळीचा आहे. साग काय, आंबा काय, दोन्ही त्यातच येतात.

२४ एप्रिल

लाकडात साधारण ४० ते ५० टक्के सेल्युलोज, बाकी हेमिसेल्युलोज आणि तंतूंना जोडून ठेवणारं लिग्निन. लिग्निन काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भुसा चाळून कॉस्टिक सोड्याच्या द्रावात उकळायला ठेवला. पोरांनी घरून ॲल्युमिनियमचं टोप आणलं होतं, ते परत पाठवलं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सोडतं. स्टीलचं पातेलं घेतलं.

तासाभरात द्राव कोऱ्या चहाच्या रंगाचा, मग त्याहून काळा. हा काळा द्राव मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवायचा. ॲसिड घातलं की त्यातलं लिग्निन तपकिरी गाळ होऊन खाली बसतं, मग वरचं पाणी उदासीन करून सोडता येतं.

फणसाच्या भुशाने मात्र पहिल्या पाच मिनिटांत गर्द पिवळा रंग सोडला. फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं, जुने लोक यानेच कापड रंगवत. दिसायला झकास, आमच्या कामाला अडचण. पुढचं सगळं आंब्यावरच करायचं ठरवलं.

२ मे

हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन. पीएच ११ च्या आसपास ठेवावा लागतो, त्याखाली पेरॉक्साइड सुस्त पडतं. पांढराशुभ्र नाही, पण सायीच्या रंगाचा लगदा मिळाला.

प्रयोगशाळेतल्या काकांनी तो उन्हात वाळत घालायला घेतला होता, त्यांना थांबवलं. लगदा एकदा पूर्ण सुकला की तंतूंच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुन्हा पाण्यात टाकला तरी पहिल्यासारखा फुगत नाही. कागद गिरण्यांना हे चांगलं माहीत आहे. जुन्या कागदाचा लगदा नव्याइतका मजबूत कागद देत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. लगदा ओलाच डब्यात भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. वर चिठ्ठी लावली: हे खोबरं नाही.

८ मे

आजचा दिवस बर्फाचा.

सेल्युलोज साध्या पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये नाही, कशातच सहजासहजी नाही. साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी जखडून असतात. व्हिस्कोजची पद्धत १८९२ पासूनची, पण तिला कार्बन डायसल्फाइड लागतं. ते विषारीही आहे आणि भडकतंही, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नकोच. त्यामुळे चीनच्या वुहान विद्यापीठात झांग लीना यांच्या गटाने विकसित केलेली थंडीची पद्धत घेतली: ७ टक्के कॉस्टिक सोडा, १२ टक्के युरिया, उरलेलं पाणी. हे मिश्रण उणे १२ अंशांपर्यंत थंड करून त्यात सेल्युलोज टाकून जोरात घुसळायचं, की मिनिटांत विरघळतं. गरम करून विरघळवायची सवय असलेल्या पोरांना हे उलटंच वाटलं. थंडीत सोड्याचे आयन पाण्याला धरून साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि युरिया बाहेरून वेढा घालतो, त्यामुळे साखळ्या पुन्हा एकत्र येत नाहीत.

युरिया खताच्या दुकानातून आणू नका हे आधीच बजावलं होतं. २०१५ पासून देशातला शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. फिल्मला तेल लागलं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय अनुदानाचं खत दुसऱ्या कामाला वापरायला बंदी आहे. प्रयोगशाळेच्या दर्जाचा युरिया मागवला.

उणे १२ कुठून आणायचं? मिरकरवाडा बंदरावरून बर्फाचा चुरा आणला, थर्माकोलच्या मासळीच्या पेटीतच. तीन भाग बर्फ, एक भाग मीठ. सिद्धांताने हे मिश्रण उणे २१ पर्यंत जातं, आमच्या तापमापीने उणे १७ दाखवलं. भरपूर झालं. पेटीला बांगड्याचा वास होता आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला तो कळला.

लगदा सगळा विरघळला नाही. लाकडाच्या सेल्युलोजच्या साखळ्या लांब असतात आणि या द्रावात ठरावीक लांबीपर्यंतच्याच सुटतात. द्राव दाट, पारदर्शक, आणि त्यात तरंगणारे न सुटलेले तंतू. अर्धा द्राव तसाच ठेवला, अर्धा फिरवून तंतू खाली बसवले आणि वरचा निवळ काढला. दोन्ही प्रकारच्या फिल्म करू.

सावधान: हा द्राव बाहेर ठेवायचा नाही. खोलीत ३३ अंश होते. पोरं जेवायला गेली तेवढ्यात बीकरमधल्या उरलेल्या द्रावाची जेली झाली. ओतकाम बर्फाच्या शेजारीच.

९ मे

काचेच्या तावदानावर दीड मिलिमीटर जाडीचा थर ओढला आणि तावदान ५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडवलं. सेल्युलोज बाहेर पडून मऊ, पारदर्शक जेलची चादर तयार झाली. पण तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे. कारण सापडलं: कॉस्टिक सोड्याची बरणी जुनी होती. उघड-झाक करताना सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, कार्बोनेट होतं आणि ॲसिडमध्ये गेल्यावर तोच वायू परत बाहेर येतो. इथल्या हवेत सोड्याची पापडी तागडीवर ठेवल्या ठेवल्या ओली व्हायला लागते, हा वेगळा ताप. नवी, सीलबंद बरणी काढली. बुडबुडे गेले.

१४ मे

सुकवणी. आंबापोळीसारखी ताटात पसरून उन्हात ठेवून भागत नाही. नुसती ठेवली तर फिल्म आक्रसते, कडा वर येतात, शेवटी सुरळी होते. भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये ताणून बसवली तेव्हा सपाट राहिली.

सुकल्यावर जाडी सुमारे ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दीड मिलिमीटरची चादर ४ टक्के द्रावाची होती, तेव्हा हिशोब जुळतो. काचेसारखी स्वच्छ, हातात घेतली तर कुरकुरते. ओठांना लावून फुंकून पाहिली. हवा अजिबात जात नाही.

तर ही गाळणी होऊ शकत नाही. जेल ओला होता तेव्हा त्यात नॅनोमीटर आकाराची असंख्य छिद्रं होती, पाणी गेलं तशी ती मिटली. दोष पाण्याच्या पृष्ठताणाचा. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात सुकणाऱ्या पाण्याचा ओढा सुमारे १४४ बार होतो, म्हणजे समुद्रात जवळजवळ दीड किलोमीटर खोलीवर असतो तेवढा दाब. सेल्युलोजच्या भिंती त्यापुढे टिकणार कशा?

२६ मे

मॉन्सून काल देवगडपर्यंत येऊन थडकला, नेहमीपेक्षा बरेच दिवस आधी. प्रयोगशाळेत आर्द्रता ९१. वाळवलेल्या फिल्म कुरकुरायच्या बंद झाल्या.

११ जून

बर्फ नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे बंदरावर बर्फाची उलाढालही थंड. गावातल्या एका आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मिळाला, पण कॉस्टिक खाण्याच्या वस्तूंशेजारी ठेवायला मन होईना, तोही बरोबरच म्हणाला, "सर, पाहिजे तर बर्फ करून देतो, पण तुमची बाटली आत नको." आता फ्रिजमध्ये साठवलेल्या जेलच्या चादरींवरच काम.

पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून सुकवायचं. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणजे ओढाही तेवढाच कमी. चादरी एका डब्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, दर वेळी नवं अल्कोहोल. सुकल्यावर फिल्म दुधी झाली. दुधी रंग हे चांगलं लक्षण: आत छिद्रं उरली आहेत, ती प्रकाश विखुरतात. फुंकर मात्र जेमतेम जाते. श्वास घ्यायच्या मास्कला ही चालणार नाही, माणूस गुदमरेल. छिद्रं खरोखर जपायची तर गोठवून निर्वातात सुकवणं लागेल, ते यंत्र आमच्याकडे नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करायची आहे.

पोरांना वाटत होतं, छिद्र कणापेक्षा लहान हवं. गाळणी तशी चालत नाही, हे फळ्यावर काढून दाखवलं. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही, तंतूवर आदळतो. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भटकतो आणि तोही तंतूला लागतो. मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, ना धड आदळत ना धड भटकत, तेच सगळ्यात जास्त निसटतात. म्हणून गाळण्यांची परीक्षा त्या आकारावर घेतात.

३ जुलै

गाळणी होवो न होवो, निदान फिल्मवर धूळ गोळा करून वजन घेऊ, असा विद्यार्थ्यांचा प्रस्ताव. वजन घेण्याआधी हिशोब करायला लावला.

४७ मिलिमीटर व्यासाची चकती, जाडी ४० मायक्रॉन, सेल्युलोजची घनता १.५: वजन सुमारे १०४ मिलिग्रॅम. हवेची आर्द्रता ६० वरून ९० वर गेली की असा सेल्युलोज आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी जास्त पितो. म्हणजे १० मिलिग्रॅम. आता धूळ: पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण, घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम धरू, ही आपल्याकडची २४ तासांची मर्यादा आहे. मिनिटाला १६.७ लिटरने दिवसभर हवा ओढली तर २४ घनमीटर, म्हणजे धूळ २.४ मिलिग्रॅम. मोजायचं ते अडीच आणि वर चढणारं पाणी दहा! पीएम २.५ ला (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना) टेफ्लॉनची गाळणी का वापरतात आणि तीही ठरावीक आर्द्रतेत चोवीस तास ठेवून मगच का तोलतात, हे या चार ओळींत कळतं.

वजनाचा मार्ग बंद. वहीत आता प्रत्येक आकड्याशेजारी आर्द्रतेचा रकाना सक्तीचा. रकाना रिकामा दिसला की आकडा खोडायचा.

१९ जुलै

लेझरवर चालणारा स्वस्त कणमापक गॅलरीत लावलाय. काल रात्री धो धो पाऊस, शेजारी चूल नाही, रस्त्यावर गाडी नाही आणि हा पीएम २.५ चा आकडा दिल्लीचा दाखवतोय. विद्यार्थिनी घाबरून फोटो पाठवते, "सर, आपल्याकडे एवढं प्रदूषण?"

समुद्र इथून दिसतो. लाटा फुटल्या की मिठाचे बारीक कण हवेत उडतात. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला मिठाचा कोरडा कण पाणी ओढून थेंब होतो, ८० च्या पुढे त्याचा व्यास कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट. कणमापक कण तोलत नाही, त्याने विखुरलेला प्रकाश मोजतो, म्हणून त्याला प्रत्येक थेंब जाडजूड धूळच वाटते. मैदानी शहरासाठी काढलेलं दुरुस्तीचं सूत्र इथे जसंच्या तसं लावणं मला पटत नाही. हवा आत जाण्याआधी नळी थोडी गरम करून थेंब सुकवले तर आकडा खाली येतो. नळीभोवती रेझिस्टर गुंडाळून पाहिलं, खरंच उतरला.

२२ ऑगस्ट

२७ पासून गणपती. फिल्म डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात), सिलिका जेल भाजून निळं करून ठेवलं. अल्कोहोलची बाटली कपाटात, किल्ली काकांकडे.

१० सप्टेंबर

हवा न जाऊ देणारी स्वच्छ फिल्म मेपासून पडून होती. तिचा उपयोग आज सापडला, तोही मसाल्याच्या डब्यातून.

सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, १.५३. त्याच अपवर्तनांकाच्या तेलात फिल्म बुडवली तर ती दिसेनाशी व्हायला हवी. खोबरेल लावलं: कड स्पष्ट दिसते, कारण खोबरेल १.४५. एरंडेल १.४८, कड पुसट. लवंगेचं तेल १.५३. एक थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली फिल्म गेली. नुसते तिच्यावर बसलेले कण उरले, अधांतरी.

मग पुढचं सुचलं. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचे ध्रुवक पत्रे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारे) काढले, एक दिव्यावर, एक नेत्रिकेखाली, एकमेकांना काटकोनात. दृष्टिक्षेत्र काळं झालं. आणि त्या काळोखात लाकडाची धूळ पेटली. लाकडाच्या तंतूत सेल्युलोजच्या साखळ्या एका दिशेने रांगेत असतात, म्हणून तो द्विअपवर्तनी आहे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांत कंप पावणारा प्रकाश वेगवेगळा वाकवतो आणि काटकोनातल्या ध्रुवकांतही उजळतो. पाच मायक्रॉनचा तुकडासुद्धा पांढराशुभ्र चमकतो. आमच्या फिल्ममध्येही सेल्युलोजच आहे, पण साखळ्या अस्ताव्यस्त, म्हणून ती काळीच राहते. न सुटलेले तंतू ठेवून केलेल्या फिल्म मात्र स्वतःच चमकतात, या कामाला बाद. रिंगच्या कडेजवळ ताणामुळे फिल्मही थोडी उजळते, म्हणून मधलाच भाग कापून घ्यायचा.

दिवसभर तेच पाहत बसलो. जांभ्याची धूळ: साध्या प्रकाशात लाल-तपकिरी, लोहाचे ऑक्साइड, तेलात कुठेही लपत नाहीत. काजळी: काळी, फांद्या फुटलेली. किनाऱ्याच्या वाळूतलं क्वार्ट्झ: तेलात जवळजवळ नाहीसं, ध्रुवकांत अंधुक राखाडी. मीठ सगळ्यात मजेशीर. डेसिकेटरमधून काढल्यावर छोटे चौकोनी स्फटिक, तेल पडलं की गायब, कारण मिठाचा अपवर्तनांक १.५४ आणि स्फटिक समदिश (सगळ्या दिशांना प्रकाशाशी सारखाच वागणारा), ध्रुवकांतही काळे. तेलाआधी एक फोटो, तेलानंतर एक: जे गेलं आणि ध्रुवकांतही उजळलं नाही ते मीठ.

लवंगेचं तेल तेलकट असल्याने सेल्युलोज फुगवत नाही, हाही फायदा. पाण्याचा थेंब टाकला असता तर फिल्म वेडीवाकडी झाली असती आणि मीठ विरघळून गेलं असतं.

२५ सप्टेंबर

नुसती फिल्म उघडी ठेवून भागत नाही. दहा मायक्रॉनचा कण तासाला दहा-अकरा मीटर खाली येतो, एक मायक्रॉनचा वीतभरही नाही. उघड्या फिल्मवर मोठेच बसणार. माशांच्या टाकीचा पंप उलटा जोडून हवा ओढली, १ मिलिमीटर भोकातून फिल्मवर सोडली. मिनिटाला एक लिटर म्हणजे भोकात सेकंदाला २१ मीटर वेग. हिशोबाने सुमारे १.३ मायक्रॉनचे निम्मे कण आदळून बसायला हवेत, त्याहून मोठे जास्त. पंपाच्या आवाजाने वर्गातला तास थांबला, आता तो थर्माकोलच्या त्याच मासळीच्या पेटीत ठेवलाय.

६ नोव्हेंबर

सॉ मिल. करवतीजवळ एक फिल्म, पॉलिश पेपरच्या टेबलाजवळ एक, रस्त्याच्या बाजूला एक. करवतीजवळ डोळ्यांना धुराळा जास्त दिसतो, पण तिथले तुकडे मोठे, लांबट. पॉलिशच्या टेबलाजवळ हवा तुलनेने स्वच्छ वाटते आणि फिल्म ध्रुवकांखाली चांदण्यासारखी भरून गेलेली, जवळजवळ सगळे बारीक.

फोनवरचे फोटो मालकांना दाखवले. बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे करवतीवरच्यापेक्षा पॉलिशवाल्याला जास्त?" म्हटलं, आम्ही मोजलं नाही, फक्त पाहिलंय. तरी पॉलिशच्या टेबलाखाली ओढपंखा कुठे बसवता येईल ते त्यांनी तिथल्या तिथे टेप काढून मोजलं. आमच्या गाळणीची वाट पाहायला त्यांच्याकडे वेळ नाही, आणि धूळ उगमापाशीच ओढून घेणं मास्कपेक्षा केव्हाही बरं, हेच मीही सांगितलं.

३ डिसेंबर

मतलई वारे सुरू. दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री उलटे, डोंगराकडून. दुपारच्या आणि पहाटेच्या फिल्म वेगळ्या घेतोय. दुपारी मीठ, पहाटे काजळी आणि चिरेखाणींकडची लाल धूळ, असा अंदाज.

पहाटेच्या फिल्मवर लाल कण अपेक्षेपेक्षा कमी आणि भोकासमोर उमटलेल्या धुळीच्या ठशाच्या कडेला विखुरलेले. पावसाळ्यात कण ओले असतात, आदळले की चिकटतात. आता आर्द्रता ५५. कोरडा खनिज कण आदळून उसळतो आणि हवेबरोबर निघून जातो. फिल्मला चिकट लेप हवा, पण लवंगेच्या तेलात न फुटणारा. ग्लिसरीनचे तेलात थेंब होतात, ते बाद. व्हॅसलीनचा पातळ हात उद्या करून पाहायचा. एरंडेल आधीच टेबलावर आहे, तेही.

मिरकरवाड्यावरून बर्फ: शनिवारी, पेटी धुऊन न्यावी.